घरातला डबा, बाहेरची किल्ली

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीला माझे जाणे होते ते बहुधा याच दिवसांत. धानाची कापणी आटोपत आलेली असते, बाहेरगावी नोकरीला असलेली मुले घरी आलेली असतात आणि ओसरीवरच्या गप्पांना रात्र पुरत नाही. यंदा मात्र या गप्पांचा विषय नाटक नव्हता, धानाचा भाव नव्हता आणि निवडणूकही नव्हती. विषय होता भिंतीवर टांगलेला एक पांढरा डबा.

निवृत्त शिक्षक असलेल्या माझ्या काकांच्या घरी इंटरनेट आहे. मुलगा पुण्याला, नातवंडांचे तोंड पडद्यावरच पाहायचे, शिवाय निवृत्तिवेतनाचे व बँकेचे व्यवहार, म्हणून ते घेतले. त्या दिवशी डब्यावरचे सगळे हिरवे दिवे नीट लुकलुकत होते, पण मोबाइलवर काहीच उघडत नव्हते. काकांनी गावातल्या इंटरनेटवाल्या तरुणाला फोन केला. एकेकाळी केबल टीव्हीच्या तारा ओढणाऱ्याचा हा मुलगा, काकांचाच विद्यार्थी. त्याने जागेवरूनच पाच मिनिटांत सांगितले, “गुरुजी, तुमच्या डब्याला सतरा मोबाइल जोडले आहेत. पासवर्ड आळीभर झाला आहे. मी बदलून देतो.” त्याने तो बदलला, नवा पासवर्ड कळवला आणि इंटरनेट पूर्ववत धावू लागले.

काम झाले, सारे खूश झाले. काका मात्र गप्प होते. संध्याकाळी तो तरुण सहज डोकावला, तेव्हा त्यांनी विचारले, “पोरा, तू घरात न येता घरात शिरलास कसा?” तो हसून म्हणाला, “गुरुजी, तो डबा दर थोड्या वेळानं आमच्या यंत्राशी बोलते.” काकांचा पुढचा प्रश्न होता, “सतरा मोबाइल तुला दिसले. आणखी काय काय दिसते?”

आज महाराष्ट्रातील लक्षावधी कुटुंबांनी विचारायला हवा, पण सहसा कोणी विचारत नाही, असा हा प्रश्न आहे. म्हणून तो येथे मांडत आहे.

केबलच्या तारेपासून काचेच्या तंतूपर्यंत

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. १९९८ च्या अखेरीस हे क्षेत्र खासगी सेवादात्यांना खुले झाले. परवान्याच्या अ, ब आणि क अशा श्रेणी ठरल्या. त्यांतील क श्रेणी साधारणपणे एका जिल्ह्याएवढ्या दूरध्वनी क्षेत्रापुरती होती. म्हणजे मोठ्या भांडवलाशिवायही एखाद्या स्थानिक उद्योजकाला या व्यवसायात उतरण्याची वाट मोकळी होती.

या वाटेवर पुढे जो चालत आला, तो बहुतांशी आपला केबलवाला होता. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबू लागल्या. १९९५ च्या कायद्याने या चालकांना मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी बंधनकारक केली. पुढे केबलचे अंकीकरण झाले. त्याचा शेवटचा, ग्रामीण भागाचा टप्पा मार्च २०१७ मध्ये संपला. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले, वाहिन्यांची सूत्रे वरच्या कंपन्यांकडे गेली आणि छोट्या चालकाच्या हाती पूर्वीइतके काही उरले नाही. त्याच तारांच्या जागी मग त्याने काचेचा तंतू टाकला. कोणी स्वतःचा परवाना घेतला, कोणी मोठ्या सेवादात्याचा प्रतिनिधी झाला, तर कोणी भारत संचार निगमाच्या फायबर योजनेत उत्पन्नाच्या वाटणीवर भागीदार झाला. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ती चालू राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित स्वरूपासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पण तंतू ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचणे निराळे आणि ग्रामपंचायतीपासून गुरुजींच्या भिंतीपर्यंत येणे निराळे. हे शेवटचे अंतर अनेक गावांत गावातलाच कोणी तरुण, खांबावर चढून, पार करतो. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

आता या छोट्या सेवादात्यांनी पुढचे पाऊल टाकले आहे. डबा आमचा, देखभाल आमची. महिन्याला थोडे अधिक द्या आणि निर्धास्त राहा, असे ते ग्राहकाला सांगतात. अशा डब्याला या व्यवसायात ‘मॅनेज्ड राउटर’ म्हणतात. दूरून देखभाल करण्याची रीत २००४ साली ‘टीआर-०६९’ या नावाच्या मानकाने जगभर रूढ केली. तिचे तत्त्व सोपे आहे. घरातला डबा ठरावीक वेळाने सेवादात्याच्या मुख्य यंत्राला आपली खबर देतो आणि त्याच्याकडून आज्ञा घेतो. वायफायचे नाव व पासवर्ड बदलणे, डबा बंद करून पुन्हा सुरू करणे, वेग मोजणे आणि डब्यातील मूळ आज्ञावली नवी करणे, ही सारी कामे सेवादाता आपल्या खुर्चीवरून करू शकतो. काकांच्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर एवढेच आहे.

ही देखभाल हवीच

प्रथमच स्पष्ट करतो की, मी या व्यवस्थेच्या विरोधात नाही. उलट, ती अत्यावश्यक आहे असे माझे मत आहे.

राउटर हा एक छोटा संगणकच असतो. त्याच्या आज्ञावलीत दोष निघतात आणि ते दुरुस्त करणाऱ्या सुधारणा वेळोवेळी बसवाव्या लागतात. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या घरच्या राउटरमध्ये अशी सुधारणा आजवर एकदा तरी बसवली आहे? दिघोरी राहू द्या, पुण्याच्या कोथरूडमध्ये किंवा नागपूरच्या धरमपेठेतही हा प्रश्न विचारला तर हात वर होणार नाहीत. कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्डदेखील आपण बदलत नाही. घराला कुलूप आहे, पण त्याची किल्ली साऱ्या जगाला ठाऊक आहे, अशी ही स्थिती आहे.

तिचे परिणाम काल्पनिक नाहीत. २०११-१२ च्या सुमारास ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेम चोरट्यांच्या ताब्यात गेल्याचे उघड झाले. ग्राहक आपल्या बँकेचा पत्ता अचूक टंकित करी, पण मोडेम त्याला हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर नेऊन सोडी. त्यात ग्राहकाची चूक कोणती? जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे भारत संचार निगमाच्या ग्राहकांचे काही हजार मोडेम एका घातक आज्ञावलीच्या तडाख्यात सापडले. मूळ पासवर्ड न बदललेली यंत्रे तिला बळी पडली आणि तो ताबडतोब बदलण्याचे आवाहन निगमाला करावे लागले. मे २०१८ मध्ये ५४ देशांतील ५ लाखांहून अधिक राउटर अशाच एका आज्ञावलीने ग्रासल्याचे निष्पन्न झाले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने तेव्हा सर्वसामान्य नागरिकांना आपापले राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याची विनंती केली.

२०२५ च्या प्रारंभी भारतातील तारेवरच्या ब्रॉडबँड जोडण्या ४ कोटींच्या पुढे गेल्या होत्या. इतक्या घरांतील डब्यांची निगा घरमालकाने स्वतः राखावी, ही अपेक्षा पोकळ आहे. ती कोणीतरी जाणत्याने राखली पाहिजे आणि ज्याला खांब, तार, घर आणि घरातील माणसे ठाऊक आहेत, असा स्थानिक सेवादाता त्यासाठी सर्वांत योग्य. महानगरातील कंपनीला फोन केला की एक दाबा, दोन दाबा, असे करता करता आपलाच जीव दाबला जातो. गावातला तरुण मात्र ‘गुरुजी’ म्हणून फोन उचलतो.

पण किल्ली एकच

हे सारे मान्य केल्यावर नाण्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. हजार घरांची किल्ली एका जुडग्यात आली, तर ते जुडगे हरवण्याची किंमतही हजारपट होते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीतील सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर एकाएकी कोलमडले. दूरून देखभाल करण्यासाठी जे दार उघडे ठेवले होते, त्याच दारावर हल्लेखोरांनी धडका दिल्या होत्या. जे निगा राखण्यासाठी होते, तेच घाताचे निमित्त झाले. दुसरे उदाहरण तर ग्रामीण भागाशी थेट निगडित आहे. २५ ते २७ ऑक्टोबर २०२३ या तीन दिवसांत अमेरिकेतील एका सेवादात्याच्या ६ लाखांहून अधिक ग्राहकांचे राउटर कायमचे निकामी झाले. त्यांतील मोठा भाग खेड्यापाड्यांतला होता. डबे दुरूनच काय, घरी येऊनही दुरुस्त होण्यापलीकडे गेले होते. ते बदलूनच द्यावे लागले. एकाच सेवादात्याने एकाच जातीचे यंत्र घरोघरी बसवले की रोग एका घरापुरता उरत नाही. एकच वाण सगळ्या शिवारात लावल्यावर काय होते, हे धानाच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता काकांचा दुसरा प्रश्न, आणखी काय दिसते? येथे भीती पसरवणे जितके चूक तितकेच दुर्लक्ष करणेही चूक. बँकेचा पासवर्ड, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर किंवा नातवाशी केलेला व्हिडिओ कॉल सेवादात्याला वाचता-पाहता येत नाही. तो मजकूर कुलूपबंद होऊनच प्रवास करतो. पण घरात किती उपकरणे आहेत, त्यांची नावे काय, कोणते उपकरण किती वाजता जोडले गेले आणि किती वाजता सुटले, किती वापर झाला, आणि पुष्कळदा कोणत्या संकेतस्थळाकडे ते गेले, एवढे त्याला कळू शकते.

शहरात एखाद्या अनोळखी अभियंत्याला हे कळले तर त्याला त्याचे सोयरसुतक नसते. गावात तसे नाही. कोणाच्या घरची मुलगी रात्री किती वाजेपर्यंत जागी असते, कोणाची सून दुपारी घरात नसते, कोणाकडे कोण पाहुणा मुक्कामाला आला, हे फोनच्या ये-जा करण्यावरून शेजारच्या तरुणाला कळणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. तो तरुण सज्जन असेलही; आमच्या दिघोरीचा तर आहेच. पण त्याने उद्या कामाला ठेवलेला पोरगा कसा निघेल? घराण्यांची भांडणे, निवडणुकीचे दिवस, सोयरिकीच्या चौकशा या साऱ्या प्रसंगी त्या माहितीला किंमत येते. ज्या ओळखीमुळे आपण विश्वास टाकतो, त्याच ओळखीमुळे ही माहिती अधिक झोंबरी होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आणखी एक बाब आहे. आपल्या जोडणीवरून कोणी सायबर गुन्हा केला, तर पोलिसांचा पहिला प्रश्न जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला असतो. काकांच्या डब्याला जोडलेल्या सतरा मोबाइलपैकी दोन-तीन घरचे, बाकीचे परके होते. त्यांपैकी एकाने काही विपरीत केले असते, तर वयाच्या पंचाहत्तरीत पोलीस ठाण्याची पायरी निवृत्त गुरुजींना चढावी लागली असती. त्या तरुणाने पासवर्ड बदलून त्यांना केवढ्या संकटातून वाचवले, हे त्यांना नंतर समजले.

मामा तलावांचा धडा

दुसऱ्याच्या हाती असलेली किल्ली ही गोष्ट भंडारा जिल्ह्याला नवी नाही. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी येथे पिढ्यान्‌पिढ्या तलाव आणि बोड्या बांधल्या. तलावाला पाळ असे, पाणी सोडण्याचे दार असे. ते दार कधी उघडायचे, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचे, पाळीची डागडुजी कोणी आणि कधी करायची, याचे दंडक ठरलेले असत. या व्यवस्थेत मालगुजाराचे वर्चस्व होते, अन्यायही होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण दार कोणाच्या हाती आणि पाळ फुटली तर जबाब कोणाला द्यायचा, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

१९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ती संपायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. मालकी बदलली, पण निगा कोणी राखायची याची घडी नीट बसली नाही. ज्यांचे धान त्या पाण्यावर पिकत होते त्यांच्याकडे अधिकार नव्हता, आणि ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांचे धान तिथे नव्हते. अनेक तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या.

हा धडा घरातल्या डब्याला जसाच्या तसा लागू पडतो. निगा राखणारा हवा, पण त्याच्या हातातील अधिकार किती आणि जबाबदारी कोणती, हे लिहून ठरलेले हवे. नुसत्या ओळखीवर चालणारी व्यवस्था ओळखीची माणसे आहेत तोवरच टिकते. उद्या त्या तरुणाने धंदा एखाद्या मोठ्या कंपनीला विकला, तर आपल्या घरची किल्लीही विक्रीच्या सामानात जाईल. तेव्हा ‘गुरुजी’ म्हणून फोन उचलणारे कोणी नसेल.

कागद करावा

मग करावे काय? उपाय अवघड नाहीत आणि खर्चिकही नाहीत.

पहिली गोष्ट, जोडणी घेताना साध्या मराठीत लिहिलेले एक पान मागावे. डब्याची मालकी कोणाची, सेवादाता दुरून काय बदलू शकतो, काय पाहू शकतो, ती माहिती किती दिवस ठेवतो आणि कोणाला देतो, हे त्यात असावे. कायद्यानुसार काही नोंदी ठेवणे त्याला भागच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटींतच नोंदी जपण्याची मुदत दोन वर्षे करण्यात आली. पण कायद्याने मागितलेली नोंद निराळी आणि कुतूहलापोटी उघडलेला पडदा निराळा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाची माहिती कोणत्या हेतूने घेतली हे सांगण्याचे तत्त्व मान्य केले आहे. त्या तत्त्वाचा उच्चार गावपातळीवरही व्हावा.

दुसरी गोष्ट, पासवर्ड बदलला की तो घरमालकाला त्याच वेळी कळावा आणि प्रत्येक डब्याचा देखभालीचा पासवर्ड वेगळा असावा. ओळखता येण्याजोगा सामाईक पासवर्ड घालून यंत्रे विकण्यास ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी घातली. आपल्याकडील सेवादात्यांनी कायद्याची वाट न पाहता हे करण्यास हरकत नाही. तिसरी, ज्याला स्वतःचा राउटर वापरायचा आहे त्याला ती मुभा असावी. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे. चौथी, जोडणी सोडताना डबा परत घेण्यापूर्वी त्यातील माहिती ग्राहकासमक्ष पुसावी.

सेवादात्यांकडूनही काही अपेक्षा आहेत. देखभालीचे दार केवळ आपल्या यंत्रापुरतेच उघडे ठेवावे, साऱ्या जगाला नव्हे. ते उघडण्याची परवानगी नेमक्या माणसांनाच असावी आणि कोणी कधी उघडले याची नोंद राहावी. २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार सायबर घात लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो, हे प्रत्येक छोट्या सेवादात्याला पाठ असावे. आणि डबा निवडताना केवळ स्वस्ताई पाहू नये. जून २०२१ पासून दूरसंचार जाळ्यात जोडावयाची नवी उपकरणे विश्वासार्ह स्रोतांकडूनच घेण्याचे बंधन परवानाधारकांवर आले, ते उगाच नव्हे. आपल्याच सी-डॉट या संस्थेने विकसित केलेले तंतू-तंत्रज्ञान भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात ग्रामपंचायतींत बसले. स्वदेशी पर्याय उभा राहू शकतो, याचा तो दाखला आहे. त्याचा शिक्का असला म्हणजे सुरक्षा आपोआप आली असे मात्र नाही. सुधारणा किती वर्षे मिळणार, हे तिथेही विचारलेच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, बड्या कंपन्याही हेच सारे करतात, त्यांना कोण विचारतो? मग गावातल्या होतकरू पोरावरच हे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. बड्या कंपन्यांना सूट आहे, असे मी म्हणत नाही. पण वेगात आणि भावात छोटा सेवादाता त्यांच्याशी फार काळ टक्कर देऊ शकणार नाही. त्याचे खरे भांडवल विश्वास हेच आहे आणि असा एक कागद म्हणजे त्या भांडवलाची पावती. तो स्वतःहून पुढे करणारा तरुण ग्राहक गमावणार नाही, जोडील.

गावोगावी सामाजिक काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना येथे मोठे काम आहे. बचत गटाच्या बैठकीत, ग्रामसभेत, शाळेच्या पालक मेळाव्यात अर्धा तास काढून हा विषय समजावून सांगता येईल. सेवादात्याला आरोपी म्हणून नव्हे, गावचा माणूस म्हणून बोलवावे आणि त्याच्याच तोंडून डबा काय करतो हे लोकांना ऐकवावे. आपापल्या घरापासून आरंभ करावा, हे सांगणे नलगे.

दिघोरीत तो आरंभ झाला आहे. मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काकांनी त्या तरुणाला पुन्हा बोलावले. वहीचे पान फाडून, चाळीस वर्षे फळ्यावर गिरवलेल्या अक्षरात त्यांनी चार वाक्ये लिहिली. पासवर्ड बदलल्यास कळवीन. घरातल्या उपकरणांची माहिती कोणाला सांगणार नाही. सुधारणा वेळेवर बसवीन. धंदा दुसऱ्याच्या हाती गेला तर आधी सांगेन. तरुणाने ते दोनदा वाचले, सही केली आणि म्हणाला, “गुरुजी, याच्या झेरॉक्स काढून बाकीच्या गिऱ्हाइकांनाही देतो.”

पान आता डब्याच्या शेजारी, त्याच खिळ्याला अडकवलेले आहे.